बघ्यांचं बेट

माणसाला बेटावर नेऊन सोडावं, उपाशी ठेवावं आणि इतरांनी चिवड्याची बशी मांडीवर घेऊन त्याची उपासमार पाहावी, ही कल्पना ज्या गृहस्थाच्या डोक्यात प्रथम आली, तो स्वतः पोटभर जेवलेला असला पाहिजे. भुकेल्या माणसाला असलं काही सुचत नाही. त्याला फक्त भाकरी सुचते.

या धंद्याचं कुळ मात्र मोठं खानदानी आहे. त्याचा मूळपुरुष अलेक्झांडर सेल्कर्क हा स्कॉटलंडचा एक तापट खलाशी. १७०४ साली त्याचं आपल्या कप्तानाशी वाजलं. हे जहाज धड नाही, यातून पुढं जाण्यापेक्षा मी या ओसाड बेटावर राहीन, असं तो म्हणाला आणि कप्तानानं त्याला खरोखरीच उतरवून दिलं! दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, भर समुद्रातलं ते बेट. तिथं हा बापडा ४ वर्षं ४ महिने रानशेळ्यांमागं धावत होता. उंदरांचा उच्छाद फार, म्हणून त्यानं मांजरं माणसाळवली. गंमत अशी, की ते जहाज पुढं खरंच बुडालं. १७०९ साली सेल्कर्कची सुटका झाली, त्याची हकीगत विलायतेत गाजली आणि तिच्यावरूनच डॅनियल डीफोला १७१९ सालचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ सुचला, असं मानतात. त्या काळची रीतच तशी होती : आधी जगायचं, मग सांगायचं.

विसावं शतक संपता संपता ही रीत उलटी झाली. चार्ली पार्सन्स नावाच्या इंग्रज गृहस्थाची कल्पना उचलून स्वीडनच्या दूरचित्रवाणीनं १९९७ साली एक खेळ काढला. नाव काय, तर ‘एक्सपेडिशन रॉबिन्सन’! वाळूत उमटलेलं एकच परकं पाऊल पाहून क्रूसोची गाळण उडाली होती. इथं झाडाझाडामागं कॅमेरेवाल्यांची पावलं. आणि भीती कसली, तर ती पावलं दुसऱ्याच्या मागं जातील याची.

मग २००० साली अमेरिकेनं ‘सर्व्हायव्हर’ हा खेळ काढला. बोर्निओजवळचं पुलाऊ टिगा हे बेट, १६ माणसं, ३९ दिवस आणि शेवटपर्यंत टिकेल त्याला १० लाख डॉलर. मंडळींनी उंदीर भाजून खाल्ले. पण उंदरांपेक्षा चवदार प्रकार पुढंच होता. दर थोड्या दिवसांनी सर्वांनी मतं टाकायची आणि आपल्यातल्याच एकाला बेटावरून घालवून द्यायचं. क्रूसोला इतक्या वर्षांनी एक सोबती मिळाला, तेव्हा बहुमतानं त्याला हाकलून देण्याची बुद्धी त्याला झाली नव्हती. तो फारच मागासलेल्या काळातला माणूस. या खेळाचा शेवटचा भाग ५ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. जो गृहस्थ जिंकला, तो २००६ साली त्याच बक्षिसावरचा कर बुडवल्याबद्दल तुरुंगात गेला. उंदीर पचवता येतो, प्राप्तिकर पचवता येत नाही, हा या इतिहासातला सर्वांत उपयुक्त बोध.

या घराण्यातला सर्वांत दुर्दैवी पुरुष मात्र जपानात झाला. त्याच्या नशिबी बेटसुद्धा नव्हतं. विनोदी नट होऊ पाहणारा हा तरुण चेहऱ्यानं लांबोळा, म्हणून त्याचं नाव ‘नासुबी’, म्हणजे आपलं वांगं. १९९८ सालच्या जानेवारीत चिठ्ठी टाकून त्याची निवड झाली आणि एका खोलीत त्याला एकटं ठेवण्यात आलं. अंगावर कपडा नाही, घरात दाणा नाही. समोर मासिकांचा ढीग आणि कोऱ्या पत्रांची चळत. मासिकांतल्या बक्षीस-योजनांत पत्रं पाठवायची, जे बक्षीस लागेल त्यावर जगायचं आणि १० लाख येनांची बक्षिसं जमली की सुटायचं. तांदूळ लागले, तर शिजवायला भांडं नव्हतं. ते सरले, तेव्हा बक्षिसात आलेलं कुत्र्याचं खाणं त्यानं खाल्लं. सुमारे ११ महिने हे चाललं. मग कोरियात नेऊन पुन्हा तोच खेळ. घरोघर लोक हे पाहून पोट धरधरून हसत होते, याचा त्या वांग्याला पत्ताच नव्हता. शेवटी एक दिवस त्याच्या खोलीच्या भिंती पडल्या आणि तो तसाच उघडा, प्रेक्षकांनी भरलेल्या सभागृहात उभा राहिला.

मी शाळामास्तर असल्यामुळे अशा वेळी मला व्याकरण आठवतं. ‘बघणं’ हे आपल्याकडचं मोठं नामी क्रियापद आहे. आपण नाटकाला जातो, ते नाटक बघायला. पण ‘म्हाताऱ्याचं कोण बघतं?’ असं विचारलं, तर कुणी दुर्बीण घेऊन येत नाही. सून येते, शेजारी येतो. ‘त्याला बघणं’ आणि ‘त्याचं बघणं’ यांत फरक एका विभक्तीचा. सारा जपान नासुबीला बघत होता. नासुबीचं बघणारं कुणी नव्हतं.

आमच्या आईनं १९७२चा दुष्काळ काढला आहे. ती तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. आजी दुष्काळी कामावर खडी फोडी. मिळेल ती सुकडी आणि मिलोची लाल भाकरी, यांवर घर चाले. असलाच एक खेळ एकदा घरात चालू असताना आईनं विचारलं, “यांना सोडवायला कुणी येत नाही का रे?”

“अगं, ते हौसेनं गेलेत.”

“मग एकमेकांना घालवतात कशाला?” ती म्हणाली. “भांडणं आमचीही व्हायची. पाण्यावर घागरी फुटायच्या. पण आमच्या चुलीचा धूर दिसला नाही, की शेजारची काकू भाकरी घेऊन यायची. पदराखाली झाकून.”

“झाकून का?”

“कुणी बघू नये म्हणून.”

तिचं बोलणं एवढंच. पण ती काकू माझ्या मनातून जात नाही. धुरावर नजर ठेवणारी आणि भाकरीवर नजर पडू न देणारी.

आणि बघे मंडळीच उठून गेली तर? तोही प्रयोग होऊन गेला आहे. अर्थात कुणी मुद्दाम केलेला नव्हे. ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’नं मार्च २०१६ मध्ये २३ स्त्री-पुरुषांना स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्डनामर्खन इथं ६०० एकर रानात एका वर्षासाठी सोडलं. खेळाचं नाव ‘ईडन’. त्यांत डॉक्टर होता, सुतार होता, आचारी होता, मेंढपाळीण होती. बाहेरची बातमी आत जायची नाही, असा करार. चार भाग दाखवून झाले, लोक कंटाळले आणि ऑगस्टमध्ये प्रक्षेपण बंद पडलं. रानातलं वर्ष मात्र चालूच होतं! पांडवांना अज्ञातवासासाठी केवढी यातायात करावी लागली. कुणी आचारी झाला, कुणी नाचगाणं शिकवू लागला. यांना तो आपोआप घडला. चिलटं फोडून काढत होती, भूक होती, तट पडले, तेरा जण निघून गेले. उरलेले दहा मार्च २०१७ मध्ये बाहेर आले, तेव्हा ब्रिटननं युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला होता, अमेरिकेत ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि आपल्याला कुणीच बघत नव्हतं, ही तिसरी बातमी! पुढं त्या ऑगस्टमध्ये उरलेलं सारं पाच भागांत दाखवून टाकण्यात आलं.

लोक या फजितीला हसले. मला मात्र ते मधले महिने फार खरे वाटतात. बघणारे नाहीसे झाले म्हणून माणसं देव झाली नाहीत. पण सरपण फोडावं लागलं, विस्तव राखावा लागला, जनावरांना दाणावैरण करावी लागली. टाळी नसतानाची ही कामं म्हणजेच संसार.

त्या जपानी वांग्याचं पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. तो मूळचा फुकुशिमाचा. २०११ साली भूकंप, त्सुनामी आणि अणुवीज केंद्राची दुर्घटना, असा तिहेरी घाला त्याच्या मुलखावर पडला. आपल्या माणसांना धीर यावा, म्हणून त्यानं एव्हरेस्ट चढायचं मनात घेतलं. तीन प्रयत्न फसले. २०१६च्या मे महिन्यात, चौथ्या खेपेला, तो शिखरावर पोहोचला. थंडी होती, जिवाला धोका होता. पण या वेळी तो पुरता कपड्यांत होता, आणि आपण कुणासाठी हाल सोसतो आहोत, हे त्याला ठाऊक होतं. ज्याचं कुणी बघितलं नाही, तो आपल्या गावाचं बघायला निघाला होता.