पडदा केवढा घ्यावा?

आमच्या घरात गाडी आली ती दोन वर्षांपूर्वी. 2014 सालची वॅगन आर, तीही सेकंडहँड आणि पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेली. आमचे वडील जन्मभर गगनबावड्याहून कोल्हापूरला गेले ते एस.टी.ने, नाहीतर वडापच्या ट्रॅक्समध्ये अंग चोरून. ट्रॅक्सवाल्याने टेपवर प्रल्हाद शिंदे यांची कॅसेट लावली की पंचावन्न किलोमीटरची वाट कधी सरली ते वडिलांना कळत नसे. त्यामुळे स्वतःची गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिच्यात चांगला गाणारा स्टिरिओ असावा, ही हौस आमच्या मनात होतीच. आधीच्या मालकाने बसवलेला सीडी प्लेअर डिस्क आत घ्यायचा, परत मात्र द्यायचा नाही.

यंदा भिशीचे वीस हजार रुपये हाती आले. आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "आधी टायर बघा. पुढचे दोन्ही गुळगुळीत झालेत." आम्ही म्हणालो, टायर दिवाळीनंतर बघू. पेशा कारकुनाचा, त्यामुळे वहीत रकाने आखले आणि एका रविवारी कोल्हापूरला जाऊन तीन दुकाने पालथी घातली.

दुकानदार मंडळी आकड्यांनीच बोलतात. सात इंचाचा पडदा, नऊ इंचाचा, दहा इंचाचा. दोन जीबी रॅम, चार जीबी रॅम. पन्नास वॅट गुणिले चार. एक दुकानदार म्हणाला, "साहेब, दहा इंची घ्या. गाडीची शान वाढतीय बघा." पाहुण्यारावळ्यांत आपली गाडी उठून दिसेल, हा विचार आमच्याही मनात आला हे कबूल करतो. एक हजार रुपये बयाणा देऊन आम्ही घरी आलो.

पुढच्याच आठवड्यात वैभववाडीला एका कार्याला जायचे होते. मेहुण्यांच्या गाडीत तसाच दहा इंची पडदा होता. गाडी आम्ही चालवत होतो, शेजारी आमची मुलगी. ती कोल्हापुरात नर्स आहे. लायसन नुकतेच मिळालेले. आषाढाचे दिवस. आमच्या तालुक्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात धुके म्हणजे पुढचा दगडही दिसेना. घाटाच्या तोंडाशी आलो तसा पडद्याचा उजेड डोळ्यांवर येऊ लागला आणि गाण्याचा आवाजही नकोसा झाला. आवाज कमी करायला बोट लावले. काच पुसून आमचे हात ओले झालेले, त्यामुळे पडदा काही दाद देईना. पुन्हा बोट लावले तर गाणे बदलले. आवाजाची खूण कुठे आहे ते बघायला मान वळवली, तोच मुलगी ओरडली, "पप्पा, वाटंकडं बघा की!"

डावे चाक रस्त्याकडेच्या गटारात गेले होते. कुणाला खरचटलेही नाही. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने आणि मेहुण्यांनी मिळून गाडी वर काढली. पण तिथून वैभववाडीपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही.

रात्री वही काढली आणि एक साधा हिशेब मांडला. ताशी 30 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात आठ मीटरहून जास्त जाते. आम्ही पडद्याकडे तीन सेकंद तरी पाहत होतो, म्हणजे गाडी पंचवीस मीटर पुढे गेली. धुक्यात आम्हाला दिसत होते जेमतेम वीस मीटर. म्हणजे जेवढी वाट दिसत होती त्याहून जास्त वाट आम्ही न बघता चाललो होतो.

आमच्यासारखाच प्रश्न परदेशातही पडलेला आहे. स्वीडनमधल्या 'वी बिलेगारे' या मोटार मासिकाने 2022 साली एक चाचणी घेतली. रेडिओ लावणे, गाडीतली हवा गरम करणे अशी नेहमीची कामे चालकाने ताशी 110 किलोमीटर वेगात करायची. 2005 सालच्या बटणांच्या व्होल्वो गाडीत ती दहा सेकंदांत उरकली. पडद्याच्या नव्या गाड्यांपैकी सर्वांत मागे राहिलेल्या गाडीत त्याच कामांना 44 सेकंदांहून जास्त वेळ लागला. तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर कापून गेली होती.

मग मुलगी वही घेऊन बसली. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही पडदे मोजलात. गाडी कोण आणि कुठं चालवणार, ते लिहिलंच नाही." तिने नवे रकाने आखले. वाचक बंधुभगिनींच्या उपयोगी पडतील म्हणून ते इथे देतो.

पहिला रकाना बटणांचा. आवाज कमी-जास्त करायला खरेखुरे बटण किंवा फिरवायची खुंटी हवी. ती ओल्या हातालाही कळते आणि न बघता सापडते.

दुसरा रकाना नावाच्या गोंधळाचा. 'अँड्रॉइड स्टिरिओ' आणि 'अँड्रॉइड ऑटो' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात स्टिरिओ हाच एक छोटा संगणक असतो. रॅम कमी असली की तो अडखळतो आणि काही वर्षांत जुना होतो. दुसऱ्यात डोके आपल्या मोबाईलचे चालते, पडदा फक्त दाखवतो. मोबाईल सुधारला की तोही सुधारतो. घरात बरा मोबाईल असेल तर रॅमसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

तिसरा रकाना नकाशाचा. घाटात रेंज जाते. उपग्रहामुळे आपली जागा कळते, पण नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल तर पडदा कोराच राहतो. ते काम घरीच करून निघावे.

चौथा रकाना वॅटचा. खोक्यावरचे 'पन्नास गुणिले चार' हे क्षणभराच्या जोराचे आकडे असतात. सलग मिळणारी ताकद 'आरएमएस' या नावाने लिहितात. ती बहुधा निम्म्याहूनही कमी असते. विचारायचे तर तीच विचारावी.

पाचवा रकाना वायरींचा. मूळ वायर कापून, टेप गुंडाळून केलेला जोड आमच्या दमट हवेत हमखास गंजतो आणि शॉर्टसर्किटचे कारण होऊ शकतो. गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो, त्याने वायर न कापता स्टिरिओ जोडता येतो. गाडी बंद केल्यावर स्टिरिओ खरोखर बंद होतो का, तेही बघावे. नाहीतर चार दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

सहावा रकाना पक्क्या बिलाचा आणि लेखी वॉरंटीचा. बिल नसेल तर वॉरंटी फक्त दुकानदाराच्या तोंडची राहते.

या सहा रकान्यांत दहा इंची पडदा तीन ठिकाणी नापास झाला. दुकानदार भला निघाला, बयाणा त्याने दुसऱ्या मालात वळता करून दिला. सात इंचाचा, खाली बटणे असलेला, अँड्रॉइड ऑटो चालणारा स्टिरिओ अकरा हजारांना मिळाला. फ्रेम, कपलर, मागचा कॅमेरा आणि मजुरी मिळून दोन हजार. उरलेल्या सात हजारांत पुढचे दोन टायर आले. वीस हजारांचा हिशेब जिथल्या तिथे जुळला. सहचारिणींनी टायरवरून हात फिरवला आणि काही न बोलता आत गेल्या.

आता घरात एक नियम आहे. गाणे आणि जायचे ठिकाण गाडी उभी असतानाच लावायचे. वाटेत बदलायचे असेल तर शेजारच्याने बदलायचे. शेजारी कुणी नसेल तर गाडी कडेला घ्यायची.

परवा मुलगी पहिल्यांदा एकटी, रात्रपाळीसाठी कोल्हापूरला गाडी घेऊन गेली. पाऊस होताच. दीड तासाने फोन आला, "पोचले पप्पा. गाणी ऐकत आले." आम्ही विचारले, "आवाज कमी करायला जमला का?" ती म्हणाली, "बघावं लागलंच नाही."

हौस जरूर करावी. आमच्या वडिलांना जे मिळाले नाही ते मुलांना मिळावे, यात काही वावगे नाही. पण गाडीसाठी काही घेताना दुकानाच्या उजेडात उभे राहून ठरवू नये. पावसातली रात्र, ओले हात आणि स्टिअरिंगवर बसलेले आपले लेकरू डोळ्यांपुढे आणावे, आणि मग पैसे मोजावेत.