चहाडखोर

वर्गातला चहाडखोर मुलगा कोणालाच आवडत नाही. इतर मुलांना तो आवडत नाही हे उघडच आहे. पण गंमत अशी, की ज्या मास्तरांच्या कानी तो चहाडी घालतो, त्यांनाही तो मनातून नकोसाच असतो. त्याने सांगितले, की मास्तरांना खुर्चीवरून उठावे लागते, चौकशी करावी लागते आणि शेवटी कोणावर तरी रागवावे लागते. त्याने न सांगता सारे कसे सुखात चालले होते!

असाच एक चहाडखोर यंत्रांच्या जगातही असतो, आणि त्याची माझी गाठ पडली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1 ऑगस्ट 1962 रोजी स्थापन झाले. त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी ही एक. इथल्या बहुतेक रस्त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. जुन्या कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि माझ्यासारखी पांढरपेशी माणसे इथे येतात ती पासपोर्टाच्या कामाला. मीही त्याच कामाला आलो होतो. काम आटोपून चहा घेत होतो, तोच “सर!” म्हणून हाक आली. बारावीला माझ्याकडे मराठीला असलेला, पुढे आयटीआयला गेलेला एक विद्यार्थी समोर उभा! “शेड इथेच मागे आहे. पाच मिनिटे तरी या,” म्हणाला. ती पाच मिनिटे संध्याकाळपर्यंत लांबली.

शेडमध्ये चाकांची एक भली थोरली पोकलेन आपली सोंड जमिनीला टेकून बसली होती. पोकलेन हे खरे म्हणजे एका फ्रेंच कारखान्याचे नाव. पण खोदणाऱ्या यंत्राला आपण सरसकट तेच नाव दिले, जसे साऱ्या वनस्पती तुपाला एके काळी डालडा म्हणत होतो. यंत्राजवळ त्याचे मालक येरझारा घालीत होते, आणि जालन्याकडचा एक तरुण ऑपरेटर खाली मान घालून उभा होता.

दुखणे असे होते, की यंत्रातला ‘युरिया’चा दिवा पेटला होता. युरिया म्हटल्यावर मला शेतातली गोणीच आठवली. पण हा युरिया निराळा, अतिशुद्ध, 32.5 टक्के तो, आणि बाकीचे क्षार काढलेले पाणी. डिझेलच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे असतात, ती माणसाच्या छातीला घातक. म्हणून हे पाणी तापलेल्या धुरात फवारतात. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो, आणि पुढे उत्प्रेरकावर अमोनियाची व त्या ऑक्साइडांची गाठ पडली, की उरतो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून नव्या ट्रकांना आणि 1 एप्रिल 2021 पासून चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना धुराचे नियम कडक झाले, तेव्हापासून ही युरियाची वेगळी टाकी अनेक यंत्रांच्या अंगावर आली. टाकीत एक सेन्सर बसतो. युरिया किती आहे, किती तापला आहे आणि कसा आहे, हे तो इंजिनाच्या मेंदूला कळवतो. तो कसा ओळखतो? कित्येक सेन्सर कानाला न ऐकू येणारा आवाज त्या द्रवात सोडतात. युरिया कमीजास्त झाला, की आवाजाचा वेग बदलतो. चहाडी ऐकून कोणी काहीच केले नाही, तर इंजिन हळूहळू आपली ताकदच आखडती घेते.

त्या चहाडखोराची एकदा हकालपट्टी झालेली होती. साइटवर कोणीतरी नवा सेन्सर बसवला, दोन दिवसांनी दिवा पुन्हा पेटला. यंत्र चार दिवस उभे. बँकेचा हप्ता मात्र चालूच. मालकांचा निकाल तयार होता: ऑपरेटरने टाकीत नळाचे पाणी घातले, सेन्सरचे पैसे आणि चार दिवसांचा रोज त्याच्या पगारातून कापायचा. “दिवा पेटला हे मीच तर येऊन सांगितलं,” तो तरुण पुटपुटला. त्याचे ऐकायला कोणाला सवड नव्हती.

माझ्या विद्यार्थ्याने पान्याला हात न लावता आधी प्रश्न विचारले. दिवा केव्हा पेटला? त्याआधी यंत्र धुतले होते का? युरिया कोणी आणला, कशातून आणला? मग स्कॅनर लावून त्याने मला पडदा दाखवला. “सर, हे तुमचंच व्याकरण. पहिला आकडा उद्देश्य, दुसरा विधेय.” आणि खरोखरच तसे होते! कोणाविषयी तक्रार आहे हे पहिला आकडा सांगतो, आणि तक्रार काय हे दुसरा. विधेय ‘व्होल्टेज फार जास्त’ किंवा ‘फार कमी’ असे असेल, तर साक्षीदारच आजारी. वायर तुटली असेल, कपलरमध्ये युरियाचे पांढरे खडे साचले असतील. पण विधेय ‘दर्जा कमी’ असे असेल, तर साक्षीदार ठणठणीत असून काहीतरी सांगतो आहे. इथे दुसरेच विधेय होते. तरीही त्याने कपलर उघडून पाहिले, बॅटरी मोजली. दोन्ही ठीक.

मग त्याने एक लहानशी दुर्बिणीसारखी नळी काढली. तिच्या काचेवर टाकीतल्या युरियाचा थेंब ठेवून उजेडाकडे धरली. 31.8 ते 33.2 एवढी सूट चालते. इथे आकडा होता 26. मालक विजयी मुद्रेने ऑपरेटरकडे पाहू लागले. “थांबा शेठ,” विद्यार्थी म्हणाला, “युरियाचा ड्रम गाडीत आहे ना?” स्वस्तात मिळाला म्हणून मालकांनीच आणलेला, उघड्या तोंडाचा तो ड्रम. त्यातला थेंब काचेवर ठेवला. पुन्हा 26. शेडमधल्या सीलबंद कॅनमधला थेंब ठेवला. 32.5.

कोणीच काही बोलेना. ऑपरेटरने सीटमागून चिंधीत गुंडाळलेला जुना सेन्सर काढून पुढे केला. तो चांगल्या युरियाच्या बादलीत बुडवून वायर जोडली, तर पडद्यावर आकडा बरोबर आला. काढून टाकलेला बिचारा पहिल्यापासून खरेच बोलत होता!

मालकांनी आणखी एक वाट सुचवून पाहिली. वायरीत बसवायची एक डबी मिळते म्हणे. ती मेंदूला सदा ‘सर्व ठीक’ एवढेच सांगते. “ती मी बसवत नाही,” विद्यार्थी म्हणाला. “दिवा विझेल, धूर तसाच राहील. तुमचं काम शाळेशेजारी चालू आहे.” यंत्राला खोटे बोलायला शिकवण्याचा मोह मोठमोठ्यांना झाला आहे. 2015 साली फोक्सवॅगनने लाखो मोटारींना तेच शिकवल्याचे उघडकीला आले. तपासणीत शहाण्यासारखे वागायचे आणि रस्त्यावर हवा तेवढा धूर सोडायचा. तिथे निदान पदवीधर इंजिनियर होते. इथे आयटीआयचा एक मुलगा गिऱ्हाईक जाण्याची जोखीम घेऊन ‘नाही’ म्हणत होता, आणि त्याच्याही शेडचे भाडे थकत असेलच.

टाकी रिकामी केली, क्षार काढलेल्या पाण्याने धुतली. नवा युरिया भरला तरी दिवा लगेच विझला नाही. इंजिन बराच वेळ चालवून त्याची खात्री पटवावी लागली. तेवढ्या वेळात मालक ऑपरेटरला म्हणाले, “रोजाचं मी बघतो.” सेन्सरचा विषय त्यांनी काढला नाही, पण चहा सांगितला तो चौघांचा.

दिवा विझल्यावर वरून थोडा युरिया घालायचा होता. ऑपरेटरने दुसरा कॅन उचलला, आणि सील तोडण्याआधी तो मालकांच्या डोळ्यांसमोर धरला. मालकांनी सील नीट निरखून पाहिले आणि मान हलवली.