कोडोलीची टिटवी

मे महिन्यात मुलांना घेऊन आम्ही मामांच्या गावी, पन्हाळा तालुक्यातील कोडोलीस गेलो होतो. वारणेकडचा हा मुलूख उसाचा. पण मामांच्या मुरमाड पडीक तुकड्यावर टिटवीने ४ अंडी घातली होती. घरटे कसले, खड्यांतला उथळ खळगा! ठिपक्यांची अंडी मातीत इतकी मिसळलेली, की आमचा पाय पडता पडता राहिला.

टिटवीचे मागचे बोट अगदी इवले, फांदी धरता येत नाही. म्हणून सारा संसार जमिनीवर. नर-मादी आळीपाळीने साधारण चार आठवडे अंडी उबवतात. ऊन तापले की पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात.

आजी म्हणाली, "रात्री टिटवी वरडली की कुणीतरी जातंय बघ." थोरली म्हणाली, "आजी, कुत्रं, मुंगूस जवळ आलं की ती वरडती." आजी गप्प बसली, पटले असे मात्र नाही.

दुसऱ्याच दिवशी नांगरटीला ट्रॅक्टर यायचा होता. मुलांनी मामांना अंडी दाखवली. मामांनी भोवती चार काठ्या रोवल्या. ट्रॅक्टरवाला कुरकुरला, पण तेवढी जागा सोडून वळला. सांजेला टिटवी पुन्हा अंड्यांवर बसली. आम्ही निघालो तेव्हा पिल्ले बाहेर यायची होती.