डब्यावरचं नाव, आतली चिप

‘भाऊ, याच्यावर लिनक्स चालन का?’ असं विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा मशीन नसतंच. व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटो असतो. लॅपटॉपचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव, फार तर तळाचा एखादा धूसर स्टिकर. मशीन अजून अकोल्याच्या दुकानात असतं, नाहीतर पुण्याला नोकरीला असलेल्या पुतण्याने ‘काका, ऑफिसातले जुने लॅपटॉप निघालेत, एक ठेवू का?’ म्हणून विचारलेलं असतं. उत्तर संध्याकाळपर्यंत हवं असतं, आणि तेही हो किंवा नाही एवढंच.

मी वाशीमला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आणि दुकान बंद झाल्यावर एका लिनक्स वितरणाच्या मदतपानांपैकी हार्डवेअरचा भाग लिहितो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला तेव्हापासून हा प्रश्न फारच वाढला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. शाळांत, सेवा केंद्रांत, अडत दुकानांत बसलेली कितीतरी धडधाकट मशीनं त्या रेषेच्या अलीकडे राहिली. ती अट मला पटत नाही, पण मायक्रोसॉफ्टला एक गोष्ट द्यावी लागेल: अट एका ओळीत सांगता येते आणि शोधली की सापडते. आमच्या बाजूला बहुतेक जुन्या मशीनचं उत्तर ‘चालतं’ असं आहे, पण ते कुठे लिहिलंय हे सांगायला माझ्यासारखा माणूस लागतो. माणूस लागतो याचा अर्थ कागदपत्रं कमी पडली.

माहिती नाही असंही नाही. रग्गड आहे. फक्त ती लिहिणाऱ्याच्या सोयीने रचलेली आहे. ड्रायव्हर लिहिणारा चिपसाठी लिहितो. त्याच्या दृष्टीने ‘आरटीएल८८२१सीई, कर्नल ५.९पासून’ हे पूर्ण वाक्य आहे, आणि बरोबरही आहे. तीच वायफाय चिप अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपांत बसलेली असते, त्याने कोणाकोणाची नावं लिहायची? फोटो घेऊन आलेल्या माणसाला मात्र चिपचं नाव माहीत नसतं, कर्नल म्हणजे काय हेही नसतं. त्याला दिसतं ते झाकणावरचं नाव. या दोन नावांच्या मधली जागा भरणं हेच माझं लेखन. त्यात साहित्य काही नाही, पण कसब आहे.

आणि झाकणावरचं नाव फसवंही असतं. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा यूएसबी वायफाय डोंगल घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, लिनक्सच्या लोकांची लाडकी. लावला की चालला. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. नाव तेच, अंगकाठी तीच. फरक स्टिकरवरच्या बारीक ‘व्ही१’, ‘व्ही२’ एवढाच. आता पहिल्या आवृत्तीच्या काळात लिहिलेली सगळी कौतुकं जशीच्या तशी वाचायला मिळतात, कोणी ती खोटी ठरवत नाही, कारण ती खोटी नाहीतच. रिसोडचा एखादा पोरगा ते वाचून एसटीने अकोल्याला जातो, डोंगल घेऊन येतो, आणि त्याच्या हाती व्ही३ पडलेला असतो. डोंगलची किंमत पाच-सहाशे, वर जाण्यायेण्याचं भाडं आणि मोडलेला दिवस. ‘चालतं’ हा शब्द आवृत्ती न सांगता लिहिला की असा महाग पडतो. राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने हे नीट ओळखलंय. त्यांच्या हार्डवेअरच्या तक्त्यात मॉडेलच्या शेजारी आवृत्तीचा वेगळा रकाना आहे, आणि कुठल्या प्रकाशनापासून आधार आहे याचाही. मला तो तक्ता वाचायला आवडतो. चेष्टा नाही, खरंच आवडतो.

आत कोणती चिप आहे हे ओळखायचं कसं? इथे बहुतेक मदतपानं एक मजेशीर काम करतात. ती सांगतात, टर्मिनल उघडा आणि ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्या. आज्ञा उत्तम आहे. ‘एनएन’ जोडून दिली की प्रत्येक भागापुढे चौकटी कंसात चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या येतात, उदाहरणार्थ १०ईसी आणि सी८२१. पहिली जोडी कंपनीची: १०ईसी म्हणजे रिअलटेक. दुसरी चिपची. या आठ अक्षरांत संशयाला जागा नाही, स्टिकर फाटला तरी ती बदलत नाहीत. पण ही आज्ञा लिनक्सची आहे, आणि विचारणाऱ्याकडे अजून लिनक्स नाही. तो विंडोजवर बसून ठरवतोय की लिनक्स टाकायचं की नाही. विहिरीवर पोचल्याशिवाय दोर मिळणार नाही म्हटल्यासारखं झालं.

म्हणून माझ्या पानावर आधी विंडोजचा रस्ता आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडॅप्टरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि तिथल्या उतरंडीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे ‘व्हीईएन’पुढची चार अक्षरं आणि ‘डीईव्ही’पुढची चार अक्षरं म्हणजे तीच आठ. दुकानदाराला फोनवर हे सांगता येतं, पुतण्यालाही सांगता येतं. झाकणाच्या फोटोऐवजी या खिडकीचा फोटो आला की माझं उत्तर मिनिटात जातं, आणि पान नीट असेल तर माझी गरजही लागत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या मदतपानात विंडोजचे स्क्रीनशॉट कशाला, असं एका सहकाऱ्याने विचारलं होतं. वाचणारा जिथे उभा आहे तिथून रस्ता सांगावा लागतो, एवढंच मी म्हटलं.

वायफायच्या पानाची आणखी एक गंमत. ते ज्याला लागतं त्याच्याकडे त्या घडीला नेट नसतं. ‘पुढील फर्मवेअर डाउनलोड करा’ असं लिहिलेलं असतं आणि ज्या तारेवरून ते उतरायचं तीच तुटलेली. ‘नेटच नाही त वाचू कसा, बावा?’ हे मी शब्दशः ऐकलंय, आणि त्याला माझ्याकडे उत्तर आहे म्हणून बरं. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक लिनक्स त्याला वेगळं काही न टाकता नेटवर्क म्हणून ओळखतं. केबल मात्र डेटाची हवी, नुसती चार्जिंगची नको. हा परिच्छेद मी पानाच्या डोक्यावर ठेवलाय, चिपच्या तक्त्याच्याही वर.

डेबियनने या बाबतीत बरीच वर्षं लोकांना दमवलं. मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं नाही हे त्यांचं तत्त्व, आणि तत्त्व म्हणून मला त्याचा आदर आहे. पण फर्मवेअर घातलेली ‘अनधिकृत’ प्रतिमा त्यांच्याच सर्व्हरवर होती, फक्त मुख्य पानावरच्या डाउनलोडच्या बटणाखाली नव्हती. ती फोल्डरात फोल्डर उघडत जाऊन शोधायची. ज्याला ठाऊक त्याला पाच मिनिटांचं काम, ज्याला नाही त्याचा समज की ‘लिनक्सवर वायफाय चालत नाही’. ऑक्टोबर २०२२मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं, आणि जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२च्या इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर सोबतच आलं. त्यासाठी चिपा बदलल्या नाहीत. मधल्या काळात जे गेले ते माहितीच्या जागेपायी गेले, असं माझं मत आहे.

प्रिंटरकडे वळतो, कारण आमच्याकडे पोट प्रिंटरवर चालतं. जून महिन्यात कुठल्याही सेवा केंद्रात जाऊन पाहा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, सातबारा. दारात पालक, कोणाच्या हातात रेशन कार्ड, कोणाच्या हातात पोराची मार्कशीट, आणि टेबलावर एक जुना लेझर प्रिंटर. बरेचदा एचपीचा लेझरजेट १०२०, नाहीतर कॅननचा एलबीपी २९००.

१०२० हा मोठा शिकवणारा प्रिंटर आहे. त्याच्या पोटात त्याचं फर्मवेअर राहत नाही. वीज गेली की तो कोरा होतो, परत आली की कॉम्प्युटरने ते पुन्हा भरायचं. विंडोजमध्ये हे काम गुपचूप होतं. लिनक्समध्ये एचपीच्याच एचपीलिप या सॉफ्टवेअरला त्यासाठी एक जादा प्लगइन लागतं, आणि ते मुक्त नसल्यामुळे वेगळं उतरवावं लागतं. शिवाय प्लगइनची आवृत्ती आणि एचपीलिपची आवृत्ती जुळावी लागते. म्हणजे अपडेट मारलं की प्रिंटर रुसला. दिवा हिरवा, कागद भरलेला, छपाई शून्य. लोडशेडिंगच्या गावात दिवसातून दोनदा वीज जाणार असेल तर ‘लेझरजेट १०२० चालतो’ एवढं लिहून भागत नाही. ‘प्लगइन असेल तर चालतो, अपडेटनंतर प्लगइन पुन्हा घ्या, नेट असतानाच घ्या’ असं लिहावं लागतं. एचपीलिपच्या यादीत प्लगइन लागतं की नाही हे प्रत्येक मॉडेलपुढे दिलेलं आहे, हे त्यांचं श्रेय. पण त्या रकान्याचा अर्थ दाखल्यांच्या रांगेत काय होतो ते त्या यादीला कळणार नाही. ते मला लिहायचं असतं.

एलबीपी २९००ची तऱ्हा निराळी. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलेला आहे, आणि स्वयंसेवकांनी ती भाषा उलगडून लिहिलेला दुसराही आहे. दोघांच्या पायऱ्या वेगळ्या. लोक एकाच्या दोन आणि दुसऱ्याच्या तीन पायऱ्या करतात आणि मग ‘काहून निघून नाही राह्यलं?’ म्हणून फोन करतात. माझ्या पानावर एकच रस्ता आहे. दुसरा आहे असा उल्लेख खाली, बारीक.

ओपनप्रिंटिंगच्या प्रिंटर-यादीत चार दर्जे होते: पूर्ण चालणारा, बराचसा, थोडाफार, आणि शेवटचा ‘पेपरवेट’. म्हणजे कागद छापण्यापेक्षा दाबायला बरा. स्कॅनरच्या सेन प्रकल्पाचे दर्जे जास्त सभ्य आहेत, ‘संपूर्ण’पासून ‘आधार नाही’पर्यंत, मध्ये ‘तपासलेला नाही’ हाही. पेपरवेटमागचा मोकळेपणा मला फार आवडतो. कारण मुक्त सॉफ्टवेअरच्या पानांवर सगळ्यात जड जातं ते ‘चालत नाही’ असं लिहिणं. प्रकल्पाची बदनामी होईल असं वाटतं, किंवा उद्या कोणी ड्रायव्हर लिहील अशी आशा असते. खरं म्हणजे २५ ऑगस्ट १९९१ला लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची पहिली खबर दिली तेव्हाच त्यात लिहिलं होतं की एटी हार्ड डिस्क सोडून दुसरं काही बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्याकडे तेवढंच आहे. भाकीत पार चुकलं. पण त्या दिवशी ते वाचणाऱ्याला आपल्या मशीनवर वेळ घालवायचा की नाही हे कळलं होतं. मी ‘नाही’च्या ओळी तक्त्यात ठळक ठेवतो. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला त्याच ओळींचा जास्त उपयोग होतो.

प्रत्येक ओळीला तारीख मात्र हवी. आमच्याकडे सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी नुसतं ‘तीनशे पस्तीस हाय का?’ विचारून थांबत नाही. लेबल उलटून लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख, वैधता वाचतो. हार्डवेअरच्या ओळीलाही तसंच लेबल लागतं: कोणत्या कर्नलवर पाहिलं, केव्हा, कोणी. सुरुवातीला जिचं नाव घेतलं ती आरटीएल८८२१सीई चिप कर्नल ५.९च्या आधी, म्हणजे ऑक्टोबर २०२०पूर्वी, बाहेरचा ड्रायव्हर घातल्याशिवाय चालत नव्हती. नंतर आपोआप चालू लागली. बिनतारखेच्या पानावर ही दोन्ही विधानं शेजारी-शेजारी नांदतात आणि वाचणारा दोन्ही सोडून जातो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सुरुवातीलाच सांगतात की या पाठासाठी अमुक ऑपरेटिंग सिस्टिमची अमुक आवृत्ती वापरली आहे. मराठी पाठांतही ते येतं. ऐकणाऱ्याला सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं. जुना पाठ लावून बसलेल्या पोराच्या पडद्यावरची बटणं जुळेनात तेव्हा कारण तिथेच सापडतं.

सध्या आमच्यात वाद आहे तो पानाच्या जागेचा. आजवर ते ‘अधिक माहिती’च्या खाली, इन्स्टॉलेशन आणि भाषांतराच्या पानांनंतर होतं. माझं म्हणणं, ‘आधी तुमचं मशीन तपासा’ ही ओळ डाउनलोडच्या बटणाच्या वर हवी, खाली नको, कारण दोन-तीन जीबीची फाइल मोबाइलच्या डेटावर उतरवून झाल्यावर कोणी तपासत बसत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की बटणाच्या वर इशारा दिसला की नवा माणूस घाबरून परत जातो, आणि त्यातही तथ्य आहे. मी ओळीचा सूर बदलून पाहिला, इशाऱ्याऐवजी एक शोधपेटी सुचवली: ती आठ अक्षरं टाका, उत्तर घ्या. पेटी करायला एक तरुण तयार झालाय. तोपर्यंत ती ओळ बटणाच्या अगदी खाली, पण त्याच पडद्यावर, अशी तडजोड झाली आहे. मोबाइलवर मात्र ती अजून एक बोट खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही, आणि माझ्याकडे येणारे सगळे मोबाइलवरच पाहतात. तेवढं मी पुढच्या बैठकीत पुन्हा काढणार आहे.