कुंकवाची रास आणि टिकलीचा गोंद

फणेरपेटी आता जुन्या बाजारात नाहीतर संग्रहालयात दिसते. आमच्या पंढरपूरच्या घरी आजीची होती. शिसवी, झाकणाच्या आतल्या अंगाला आरसा, आणि आत लहानमोठे खण. त्यांत फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा, काजळाची डबी आणि कधीकाळी वापरलेलं गंगावन. पेटी उघडली की मेणाचा आणि कापराचा वास यायचा. त्या वासाच्या ओढीनं आम्ही मुली तिच्याभोवती बसायचो.

त्या पेटीतली प्रत्येक गोष्ट कुठून आली, हे घरात सगळ्यांना ठाऊक असे. काजळ आजी स्वतः धरायची. एरंडेलाची पणती, वर पालथी तांब्याची ताटली, सकाळी ताटलीला धरलेली काजळी खरवडून तुपात कालवायची, चिमूटभर कापूर. मेण गावातलंच. आणि कुंकू तर पंढरपूरचंच. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुकानांतून कुंकवाच्या आणि बुक्क्याच्या शंकूसारख्या उभ्या राशी ज्यानं पाहिल्या आहेत, त्याला ते सांगायला नको. आमच्याच जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. जुनी रीत अशी, की हळकुंडं, टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस एकत्र मुरवायचं, वाळवायचं आणि दळायचं. हळदीतल्या कुर्क्युमिनचा टाकणखाराशी संयोग होतो आणि पिवळ्याचं लाल होतं.

आजी दुकानात उभी राहिली की आधी चिमूट तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळायची. वास घ्यायची. मग विचारायची, ‘का हो, हळदीचं आहे का रंगाचं?’ दुकानदाराला त्याचा राग येत नसे. तो दोन्ही दाखवायचा, दोन्हींचे भाव सांगायचा. रंगाचं स्वस्त, हळदीचं महाग. आजी महागातलं पण थोडं घ्यायची. ‘कपाळाला लावायचंय, अंगणात टाकायचं नाही,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. माझ्या आठवणीतल्या त्या काळात मला सगळ्यांत मोलाचं काही वाटत असेल, तर ते हे विचारणं आणि त्याला समोरून मिळणारं उत्तर.

तो काळ निर्मळ होता, असं मात्र मी म्हणणार नाही. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर म्हणजे पारंपरिक रूपात शिशाचं ऑक्साइड. त्याच्या पायाचा शेंदूर आम्ही पोरं बोटानं पुसून कपाळाला लावायचो आणि तेच बोट तोंडात जायचं. डोळ्यांत घालायच्या सुरम्यातही पुष्कळदा शिशाचंच सल्फाइड असतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, हे विज्ञानानं पुढं सांगितलं. आजीच्या पिढीला ते कळायला मार्ग नव्हता. आपल्याला तो आहे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सिंदुराचे ११८ नमुने तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतले ९५ न्यू जर्सीतल्या दुकानांतले होते, बाकीचे मुंबई-दिल्लीतले. अमेरिकेतल्या नमुन्यांपैकी ८३ टक्के आणि भारतातल्यांपैकी ७८ टक्के नमुन्यांत दर ग्रॅममागे निदान एक मायक्रोग्रॅम शिसं निघालं. न्यू जर्सीत आपली मराठी घरंही पुष्कळ आहेत. तिथल्या देवघरात आणि हळदीकुंकवाच्या तबकात जे जातं, ते याच दुकानांतून जातं.

आईच्या काळात करंडा मागं पडला. आधी बाटलीतलं ओलं कुंकू आलं, मग टिकली. लोकलच्या गर्दीत घामानं ओघळत नाही, साडीवर सांडत नाही, ऑफिसला निघताना आरशासमोर क्षणभर थांबलं की काम झालं. ज्या बायका तेव्हा घराबाहेर पडून नोकऱ्या करत होत्या, त्यांना टिकलीनं केवढी सोय दिली! तिच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण टिकलीच्या पाठीला गोंद होता आणि तो कशाचा, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कुणाला? पाकीट विकणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं.

आमच्या शेजारच्या एका काकूंच्या कपाळावर, टिकली लावायच्या नेमक्या जागी, पांढरा डाग पडला. घरात कुजबुज सुरू झाली. कोड म्हणायचं का? मुलीच्या लग्नात अडचण येईल का? काकू डाग झाकायला आणखी मोठी टिकली लावू लागल्या. डाग टिकलीबरोबर मोठा होत गेला.

हे एकट्या काकूंचं नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात अशा बायका येतच होत्या. अलाहाबादच्या डॉक्टर बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिकलीच्या गोंदातलं पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे रसायन यामागं असल्याचं १९९० मध्ये दाखवून दिलं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी ज्या कच्च्या मालापासून रंग बनवतात, त्याच्याशी या रसायनाची ठेवण जुळते. ते त्या पेशींत शिरतं आणि त्यांना मारतं. म्हणजे तो डाग अनेकींच्या बाबतीत गोंदाचा होता. किती मुलींची स्थळं त्यापायी मोडली असतील, किती जणींनी आरशासमोर रडून दिवस काढले असतील! आजही माझ्या पाहण्यातल्या बहुतेक पाकिटांवर खडे, मखमल, रंग, आकार, सगळं छापलेलं असतं. गोंदाबद्दल अक्षर नसतं. मला तिथं त्या रसायनाचं नाव हवं आहे, किंवा ते वापरलेलं नाही असं लेखी हवं आहे.

आणि मग गोरेपणाची क्रीम. आजी आम्हाला दिवाळीत नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळदीचं उटणं लावायची. त्यानं गोरं झालेलं कुणी मला आठवत नाही. काळ्या मुलीला घरात टोमणे तेव्हाही बसत, पण त्या टोमण्यांवर पारा चोळायला कुणी देत नव्हतं. आता देतात. पारा कातडीतला रंग तयार होण्याचं काम थांबवतो, म्हणून महिन्याभरात उजळल्यासारखं दिसतं. तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो. लघवीला फेस येतो, पावलं सुजतात. काही परदेशी डब्यांवर सूचना असते, की क्रीम सोन्याचांदीला लागू देऊ नका. पारा सोन्याला धरतो, हे कुठलाही सोनार सांगेल. दागिन्याला जपा म्हणणारी डबी गालाला लावा म्हणते, हे वाचून माझा संताप होतो.

केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतले १५ जण एका विशिष्ट, क्वचित आढळणाऱ्या प्रकारचे निघाले आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांना उतार पडला. आपल्याकडं अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि मुली अशाच आजारी पडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेताना त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला.

आजीचा प्रश्न कुणीतरी विचारत राहिलं, म्हणून हे आपल्याला कळतं. १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी उभी केली. देशातल्या सुरुवातीच्या ग्राहक संस्थांपैकी ती एक. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं २०१४ मध्ये गोरेपणाच्या ३२ क्रीम तपासल्या आणि १४ मध्ये पारा सापडल्याचं जाहीर केलं. टॉक्सिक्स लिंकसारख्या संस्था वर्षानुवर्षं नमुने विकत घेतात, प्रयोगशाळेत धाडतात, आकडे मंत्रालयांपुढं ठेवतात. मिनामाता या जपानी शहरानं पाऱ्याचं विष सोसलं, त्याच्या नावानं २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं २०२५ पर्यंत पूर्ण बंद करायची, असं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये करारातल्या देशांनी ठरवलं. त्याआधी दर दहा लाख भागांत एक भाग पाऱ्याची मुभा होती. ती काढायला लावण्यात अशाच स्वयंसेवी संस्थांचा रेटा होता.

आपल्या देशात २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. डबीवर घटकांची यादी, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक हवा. परदेशातून आलेल्या डबीवर आयात नोंदणीचा क्रमांक हवा. पार्लरमध्ये बिननावाच्या डबीतून काढून दिलेल्या क्रीमवर यातलं काहीच नसतं. तशी डबी घरात असेल तर लावणं आजच थांबवा, पण ती फेकू नका. झाकण घट्ट लावून पिशवीत बांधा, मुलांपासून दूर ठेवा, बिल असेल तर जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. पावलं सुजली असतील, तर डॉक्टरांकडं जाताना डबी सोबत न्या आणि आपण काय लावतो हे न लाजता सांगा. अकोल्याच्या प्रकरणात पारा हाती लागला, तो क्रीम तपासली म्हणून.