संगणक अडला, मराठी अडली नाही



औरादसारख्या सीमेवरच्या गावात शाळेच्या कार्यालयातील संगणकाला एकाच वेळी तीन भाषा सांभाळाव्या लागतात. शिक्षण खात्याशी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, प्रश्नपत्रिका आणि हे वार्तापत्र मराठीत, आणि खुद्द यंत्राच्या सूचना इंग्रजीत. कन्नडसाठी कन्नड गणक परिषदेचे 'नुडी', मराठीसाठी वेगवेगळ्या काळात घेतलेले वेगवेगळे फॉन्ट. घरी एक, बाजारात दुसरी आणि पुस्तकात तिसरी भाषा वापरणाऱ्या आपल्या मुलांना यात काही नवल वाटत नाही. यंत्राला मात्र हा संसार कधी कधी झेपत नाही.

गेल्या परीक्षेच्या दिवसांत आमच्या कार्यालयातील लेखनाचे सॉफ्टवेअर उघडतानाच अडू लागले. चिन्हावर क्लिक केले की नावाची पाटी दिसायची, मग एक पांढरी खिडकी यायची आणि तिच्या वर 'प्रतिसाद देत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. चहा पिऊन यावे तरी खिडकी तशीच. प्रश्नपत्रिका हाताने लिहून झेरॉक्स काढता येतात, त्यामुळे परीक्षा काही थांबली नाही. काळजी वेगळ्याच गोष्टीची होती.

त्या संगणकात आपल्या शाळेच्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी गावातील वडीलधाऱ्यांकडे बसून लिहून घेतलेल्या आठवणी त्यात आहेत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली तेव्हा गावात काय घडले, १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला तेव्हा मराठी शाळेतल्या मुलांना काय वाटले, उर्दूत शिकलेल्या माणसांनी मराठी शिकवायला कशी सुरुवात केली, हे सारे त्यांनी आपल्या तोंडाने सांगितले होते. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण आज आपल्यात नाहीत. छापलेल्या स्मरणिकेत जागेअभावी निम्मेच आले. उरलेले निम्मे फक्त त्या यंत्रात.

एका जाणकार तंत्रज्ञांनी यंत्र पाहिले आणि सांगितले, "सर, फॉरमॅट मारू या. एका तासात नवे कोरे करून देतो." त्यांचा सल्ला व्यवहाराला धरून होता, बहुतेक ठिकाणी हाच उपाय चालतो. पण आमच्यापुढे अडचण होती. फाइली पेन ड्राइव्हवर काढून ठेवता येतील, हे खरे. मात्र जुना मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप झाला आहे तो फॉन्टही गेला, तर त्या फाइली उघडून उपयोग काय?

हे थोडे समजावून सांगितले पाहिजे. जुन्या काळचे बरेच मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा होता. यंत्राच्या दृष्टीने फाइलीत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. फॉन्ट फक्त त्या जागी क, ख, काना, मात्रा असे आकार दाखवतो. मुखवटा निघाला की खाली नुसती निरर्थक इंग्रजी अक्षरे उरतात. आजोबांची आठवण तिथेच असते, पण वाचता येत नाही. म्हणून आम्ही ठरवले, आधी दुखणे शोधायचे. औताचा बैल तासात बसला तर शहाणा शेतकरी पराणी टोचत नाही. खूर पाहतो, जू पाहतो, खांदा पाहतो. तसेच आम्ही केले.

पहिले काम, सगळ्या फाइली आणि सगळे फॉन्ट दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेणे. सॉफ्टवेअर उघडत नसले तरी फाइली जागच्या जागी असतात, त्यांची नक्कल करता येते. ही गोष्ट मुलांनी पक्की लक्षात ठेवावी. दुकान बंद म्हणजे माल गेला असे नव्हे.

मग आम्ही विचार केला की सॉफ्टवेअर उघडताना नेमके करते तरी काय? सकाळी वर्गात आल्यावर गुरुजी हजेरी घेतात, तशी तेही हजेरी घेते. आधी आपल्या सेटिंग वाचते. मग जोडून दिलेले छोटे प्रोग्रॅम, ज्यांना ॲड-इन म्हणतात, ते उचलते. नेहमीच्या प्रिंटरची चौकशी करते. संगणकातले फॉन्ट पाहते. मागच्या वेळी लाइट गेल्यामुळे अर्धवट राहिलेली फाइल असेल तर ती सावरायला घेते. यांपैकी एकाने 'हजर' म्हटले नाही, तर गुरुजी पुढचे नाव घ्यायला तयार नाहीत! सगळा वर्ग ताटकळत. म्हणजे आपल्याला शोधायचा आहे तो न बोलणारा विद्यार्थी.

आता एकेक करून. खिडकी अडली की पुन्हा पुन्हा क्लिक करण्यात अर्थ नसतो. त्यामुळे एकाच प्रोग्रॅमचे अनेक अवतार आत अडकून बसू शकतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळी एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे अडकलेले अवतार दिसतात, ते बंद करावेत आणि एकदाच नव्याने उघडावे. कित्येकदा एवढ्यानेच काम होते. आमच्याकडे झाले नाही.

पुढे सेफ मोड. म्हणजे जादा सामान खाली ठेवून रिकाम्या हाताने सुरुवात करणे. वर्ड वापरणाऱ्यांनी कंट्रोल कळ दाबून धरून चिन्हावर क्लिक करावे. सेफ मोडमध्ये उघडायचे का, असे ते विचारते. लिबरऑफिसमध्ये २०१७ साली आलेल्या ५.३ आवृत्तीपासून ही सोय आहे. सेफ मोडमध्ये सुरळीत उघडले तर दोष बहुधा ॲड-इनमध्ये किंवा सेटिंगमध्ये असतो. मग ॲड-इन एकेक करून बंद करावेत. सेटिंग बिघडल्या असतील तर वर्डची नॉर्मल नावाची साचा-फाइल किंवा लिबरऑफिसचा यूजर प्रोफाइल हा फोल्डर, यांचे नाव बदलून ठेवावे. सॉफ्टवेअर नवे कोरे बनवून घेते. पुसू नये, नाव बदलावे. पुसलेले परत येत नाही, बदललेले नाव परत देता येते.

आमचे सॉफ्टवेअर सेफ मोडमध्येही अडले. कपाळाला हात लावण्याआधी आम्ही आनंदच मानला, कारण ॲड-इनवरचा संशय फिटला. विंडोजमध्ये नवे खाते उघडून पाहिले, तिथेही तेच. म्हणजे जुन्या खात्यातल्या सेटिंगचाही दोष नाही. दोष अशा जागी होता, जी सगळ्या खात्यांना सामाईक आहे.

तशा जागा आम्हाला दोन सुचल्या, प्रिंटर आणि फॉन्ट. बंद पडलेला किंवा काढून नेलेला प्रिंटर नेहमीचा म्हणून नोंदलेला असेल, तर पानाची मापे विचारायला सॉफ्टवेअर त्याच्या दारात उभे राहते. आम्ही त्याऐवजी पीडीएफ बनवणारा प्रिंटर नेहमीचा केला. फरक पडला नाही. उरले फॉन्ट. इथे नववीच्या एका मुलीने एक खूण सांगितली. नोटपॅड झटकन उघडते. पण पेंटमध्ये अक्षरे लिहायचे साधन घेतले, फॉन्टची यादी यायची वेळ आली की पेंटही थबकते. बरोबर निरीक्षण! चोराचा माग लागला.

विंडोजचे स्वतःचे फॉन्ट सोडून आपण घातलेले फॉन्ट निघाले १२०. एकेक काढून, संगणक बंद-चालू करून पाहायचे म्हटले तर आठवडा गेला असता. तेव्हा मुलांना गणिताचा तास संगणकासमोर मिळाला. निम्मे, म्हणजे ६०, काढा. सॉफ्टवेअर उघडले तर चोर काढलेल्या साठात, नाही उघडले तर राहिलेल्या साठात. मग ३०, मग १५, मग ८, ४, २, १. सात फेऱ्यांत १२० मधला एक सापडलाच पाहिजे, कारण दोनचा सातवा घात १२८ होतो. शब्दकोशात शब्द शोधताना मध्येच उघडून मागे-पुढे जातो, तीच ही रीत. मध्ये दोनदा लाइट गेली, तरी तिसऱ्या प्रहरापर्यंत सातवी फेरी झाली. एका फॉन्टची फाइल खराब झालेली होती. ती काढताच सॉफ्टवेअर पहिल्यासारखे उघडले.

टाळ्या झाल्या, आणि लगेच सगळे गप्प झाले. कारण खराब निघालेला फॉन्ट तोच होता, ज्यात त्या आठवणी टाइप झाल्या होत्या. पडद्यावर आजोबांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा. पेन ड्राइव्हवर उतरवलेली नक्कलही अर्थातच खराब फाइलीचीच.

सुदैवाने त्या फॉन्टची आपल्या शाळेने घेतलेली मूळ सीडी, ज्या छापखान्यात आपली स्मरणिका छापली जात असे त्या उदगीरच्या छापखान्यात ठेवलेली होती. आमच्यातील एक शिक्षक गेले आणि घेऊन आले. सीडी चालली. मजकूर परत मराठीत दिसू लागला. यंत्र आधीच कोरे केले असते, तर दोष नेमका कुठे होता हे कधीच कळले नसते.

आता पुढचे काम. हा सारा मजकूर आम्ही युनिकोडमध्ये आणत आहोत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, तेव्हापासून तिच्यात देवनागरीला आणि कन्नडला स्वतःच्या जागा आहेत. तिथे 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, मुखवटा म्हणून नव्हे. फॉन्ट बदलला तर वळण बदलते, मजकूर वाचता येतोच. विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून देवनागरीची सोय आहे, आणि 'मुक्ता'सारखे चांगले फॉन्ट विनामूल्य मिळतात. इनस्क्रिप्ट कळफलक शिकला तर आपल्या मुलांचा दुहेरी फायदा, कारण ज्या कळीवर मराठी 'क' आहे त्याच कळीवर कन्नड 'क' आहे. एकदा बोटे बसली की दोन्ही भाषा आल्या.

मजकूर बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. 'र'ची रूपे विशेष तपासावी लागतात. 'आचाऱ्यांना' बोलावले आणि 'आचार्यांना' बोलावले यात जेवणावळीपुरता तरी फार मोठा फरक आहे! म्हणून आठवी-नववीची मुले दर शनिवारी शाळा सुटल्यावर जोडीने बसतात. एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा दुरुस्त करतो. वाचता वाचता कुणाला आपल्या पणजोबांचे नाव सापडते, मग काम थोडा वेळ थांबते. थांबू द्यावे.

पालकांना आमची विनंती आहे. तुमच्या घरी किंवा दुकानात जुन्या संगणकावर मराठीत लिहिलेले काही असेल, लग्नपत्रिका, हिशेब, एखाद्या काकांनी टाइप करून ठेवलेली वंशावळ, तर यंत्र भंगारात देण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी एकदा शाळेत आणा. फाइलींसोबत फॉन्टही आणा. एक प्रत पीडीएफमध्ये करून ठेवा, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जोडला जाऊ शकतो आणि मजकूर आहे तसा दिसतो. शनिवारी दुपारी संगणक कक्ष उघडा असतो. पेन ड्राइव्ह मात्र दोन आणा; एक आमच्याकडे राहील, एक तुमच्या घरी.