गडाच्या अलीकडे

कळवणहून नांदुरीचा रस्ता धरणारा माणूस सहसा सप्तशृंगीलाच निघालेला असतो. चैत्रात खानदेशातले पायी जाणारे भाविक आमच्या गावावरून पुढे जातात, नवरात्रात रस्त्याला खंड नसतो, आणि फ्युनिक्युलर ट्रॉली झाल्यापासून गुडघे धरून बसणारेही उत्साहाने निघतात. त्याच रस्त्यावर नांदुरीच्या अलीकडे आठंबे लागतं. तिथून आत वळलं की सादडविहीर, आणि गावाच्या पाठीशी कण्हेरगड. तिकडे कळवणचं माणूस फारसं फिरकत नाही. मीही गेलो तो भाच्यामुळे.

भाचा टोकियोत नोकरीला. वर्षअखेरीच्या सुट्टीत आला होता. तिकडे हिवाळ्यात शिंकान्सेन बुलेट ट्रेनने सव्वा-दीड तासात निगाताच्या डोंगरात स्कीइंगला पोचता येतं. पण गाजलेल्या बर्फाच्या जागी लिफ्टपुढे रांगा लागतात, म्हणून तो नाकाझातोसारख्या लहान जागी जातो. तिथे स्टेशनला लागूनच उतार आहे आणि रेल्वेचे जुने डबे ओळीने उभे करून त्यांतच लोकांच्या बसण्याची सोय केली आहे. "मामा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आणि गर्दी नको. असं काही आहे का आपल्याकडे?" मी म्हटलं, "डोंगर देतो. बर्फाचं काही सांगू नकोस."

मार्गशीर्षातली थंडी बोचरी होती. सादडविहिरीच्या वाटेला वाफ्यांत उन्हाळी कांद्याची लागण चालली होती. बाया गार चिखलात वाकलेल्या. हे दिवस कोकणा लोकांच्या डोंगऱ्यादेवाचे. आदल्या रात्री कुठेतरी पावरी वाजत राहिली असणार, कारण वाट विचारली ते दादा जांभया देतच बाहेर आले. "सोंडेनं धरा, खिंडीतून वर. कातळाला बूट काढा," एवढं सांगून परत आत गेले.

सोंडेवरची चढण सरळ छातीवर येते. वाळलेलं गवत, खाली सुटा मुरूम. कातळटप्प्याशी आलो तेव्हा दादांचं म्हणणं पटलं. पायऱ्या कोरलेल्या आहेत, पण झिजून नुसत्या खोबणी उरल्यात. त्यांत बुटाचा जाड तळ बसत नाही, अनवाणी पायाची बोटं मात्र नेमकी बसतात. दगड सावलीत होता, बर्फासारखा गार. भाचा वर पोचला आणि तळवे चोळत म्हणाला, "घ्या, तुमचं बर्फ."

वर नेढं आहे. कातळाच्या भिंतीला आरपार पडलेलं भोक, दहा-बारा माणसं सहज बसतील एवढं. वारा त्यातून असा घुसतो की भाकरीचा कागद हातात ठरेना. एका अंगाला सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या आणि पार टोकाला धोडपची खाच. दुसऱ्या अंगाला सेलबारी-डोलबारीची रांग. जन्म कळवणात गेला, पण ही सगळी मंडळी एका जागेवरून मी पहिल्यांदा पाहिली. नाचणीची भाकरी आणि ठेचा तिथेच खाल्ला.

माथ्यावर कोरीव टाकी, महादेवाची पिंड, गवतात बुडालेली जोती. १६७१ च्या सुमाराला मोगलांच्या दिलेरखानाची फौज आली, तेव्हा मराठ्यांचा रामाजी पांगेरा आणि त्याचे सातशे गडी तिच्यावर तुटून पडले, ही हकीकत सभासदाच्या बखरीत आहे. सातशे माणसांना या एवढ्याशा माथ्यावर पाणी कसं पुरत असेल, हाच विचार मला टाक्यांपाशी येत राहिला. (याच नावाचा दुसरा गड चाळीसगावकडे पाटणादेवीजवळ आहे, मोबाइलवर नकाशा लावताना तेवढं बघून घ्यावं.)

खरी गंमत उतरताना. मुरमाचा घसारा आणि वर वाळलेलं गवत. बर्फावर तोल सांभाळणारा आमचा भाचा दोन पावलांत बसला आणि बसल्या बसल्याच बरंच खाली गेला. उठून पँट झाडत म्हणतो, "तिकडे घसरायला पैसे मोजतो मी, मामा." नंतर आम्ही लाज सोडली आणि बराचसा उतार बसूनच उतरलो. मोज्यांत कुसळं अशी भरली की चालवेना.

गावात आलो तेव्हा दादा ओट्यावर होते. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला. आम्ही कुसळं उपटत बसलो. पोरगा जपानात असतो हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडं कांदा काय भाव?"

"पिशवीत तीन-तीन भरून विकतात," भाचा म्हणाला.

"तीन किलो?"

"तीन नग."

दादा इतके हसले की आतून म्हातारी डोकावली. तिलाही त्यांनी ते सांगितलं, मग शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं. तेवढ्यात थ्री फेजची लाइट आली, आणि चहा अर्धा तसाच ठेवून ते मोटर चालू करायला वावराकडे पळाले.